चिमट्याच्या दांडीचं टोपडं

३ फेब्रुवारी, सोमवार

झाली पास! माझी नात पास झाली! आजपासून भिंगरी चिमट्याच्या गाडीवर. मदतनीस नाही, शिकाऊ नाही — चालक! छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर फोटो. फोटोत डोळे मिटलेत, पण असू दे.

भिंगरी हे मीच ठेवलेलं नाव. चालायला लागली तीच गोल गोल. आता पोटापाण्यालाही तेच करते — गोदामाच्या अरुंद गल्लीत जागच्या जागी गाडी फिरवते म्हणे. मी म्हटलंच होतं, ही फिरत्या कामात नाव काढील. पण माझं कोण ऐकतं!

ही वही तिनंच दिली. कागदाच्या गोदामात काम, वह्यांना काय तोटा? म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ना, ते ह्यात लिही. आईच्या कानांना जरा सुट्टी." सून आतून म्हणते, "मग दोन वह्या आणायच्यास!" ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे.

चौथी शिकलेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचणार आहे कोण?

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपार. घरात मी आणि घड्याळ. सून दवाखान्यात — लोकांना सुया टोचते. घरी आली की जिभेनं. पण मनानं चांगली आहे हो, उगीच कशाला खोटं लिहू. मुलगा बोटीवर, पावसाळ्याआधी काही येत नाही.

काल जेवताना भिंगरीनं मला गाडी समजावून दिली. मला! पण मी गप्प बसले, तिला सांगताना बघायचं होतं. वाटी म्हणजे गाडी, दोन चमचे म्हणजे चिमटा, मधे बटाटा. म्हणाली, "कागदाचा रूळ उभा असतो, आजी. माझ्या डोक्याच्या वर जातो. दीड टन! खालून उचलायचा नाही, दोन्ही बाजूंनी आवळून धरायचा. आवळ सुटली की संपलं."

मग तिनं तीन बोटं वर केली. तीन दांड्या. पहिली वर-खाली. दुसरी पुढे-मागे झुकवायची. तिसरी चिमट्याची. आणि तिसरीलाच कुलूप. खरं कुलूप नव्हे, दांडीवर एक बटण. ते अंगठ्यानं दाबून धरलं तरच दांडी 'सोड'कडे सरकते. उगीच कोपर लागलं, किंवा पहिली समजून भलतीच ओढली, तरी चिमटा उघडायला नको — म्हणून.

"आमच्या वेळीही होतं ते," मी म्हटलं. "पितळेचं."

"माहितेय! आणि तू त्याला टोपडं शिवलंस! सांग ना, सांग ना!"

सून म्हणाली, "देवा, शंभरावी वेळ." पण तिनंही ताट पुढे सरकवून ऐकलं. सांगितली मी. खूप हसलो तिघी. बटाटा घरंगळत कपाटाखाली गेला, तो अजून तिथेच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ती गोष्ट इथेही लिहून ठेवते. उद्या मी नसले तर पतवंडांना कोण सांगणार?

हे चिमट्याची गाडी चालवायचे. चिंध्यांच्या गठ्ठ्यांचं गोदाम होतं, गठ्ठा केवढा — दोन कपाटं आडवी एकावर एक ठेवा, तेवढा. मी तिथेच, शिलाईच्या कोपऱ्यात. चिमट्यात धरताना गठ्ठ्यावरचं बारदान फाटायचं. आम्ही बायका दाभण आणि सुतळी घेऊन ते शिवायचो. गठ्ठ्यावर बसून शिवायचं, गठ्ठ्यावर बसूनच डबा खायचा, आणि गठ्ठ्यावर बसूनच सगळ्या गोदामाच्या सासवा-सुना निवडायच्या. काय दिवस होते!

तर ह्यांचा अंगठा. एका पाळीत चारशे वेळा ते बटण दाबायचं. संध्याकाळी अंगठा म्हणजे पिकलेला टोमॅटो. सदऱ्याची बटणं मी काढून द्यायची. नवीन लग्न होतं, मला काही वाईट वाटत नव्हतं! (लिहून लाज वाटली. खोडत नाही.)

मग मुलगा झाला. त्याचं टोपडं शिवत बसले होते आणि डोक्यात वीज चमकली — बाळाचं डोकं झाकतं, तर दांडीचं का नाही? तांबड्या ताडपत्रीचा तुकडा घेतला. आत कोटाचं मोठं बटण शिवलं, कडेनं इलॅस्टिक. दांडीच्या मुठीवर ताणून चढवलं की आतलं बटण त्या पितळेच्या बटणाला सारखं दाबून धरतं. अंगठा मोकळा! दांडी एका बोटानं हलते!

ह्यांनी लावून पाहिलं. आधी दांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, तू तर इंजिनेर निघालीस!" तीन दिवसांत बाकीचे चालक दारात. "वहिनी, ह्याच्या गाडीला टोपडं आणि आमच्या गाड्या काय अनाथ?" सहा गाड्या होत्या, सहा टोपडी शिवली. आणि सगळ्यांचे अंगठे बरे झाले!

भिंगरी लहानपणी घास घ्यायची नाही, तेव्हा हीच सांगायची. शेवटच्या घासाला "आणि सगळ्यांचे अंगठे बरे झाले!" म्हटलं की टाळ्या वाजवायची.

इथे संपते गोष्ट. म्हणजे — मी इथे संपवते.

९ फेब्रुवारी, रविवार

भिंगरीला सुट्टी. सकाळपासून उजवा अंगठा गरम पाण्याच्या वाटीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ज्याची भीती होती तेच दारात आलं.

संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं टाकून म्हणते, "आजी, मला शिवून दे ना टोपडं. आजोबांना दिलंस तसं. आमच्याकडे कुणी रबर गुंडाळतं, कुणी चिकटपट्टी. तुझ्यासारखं फर्मास कुणाचंच नाही."

तोंडातून निघालं, "माझे डोळे गेले गं आता. सुईत दोरा जात नाही."

"दाभणानं शिव की. दाभणाच्या नेढ्यातून मांजर जाईल."

"नाही म्हटलं ना एकदा!"

इतकी ओरडले की सून हात पुसत बाहेर आली. भिंगरी उठून बसली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बरं बाई. नको. डोळे सांभाळ तुझे." आणि दोन्ही पापण्यांवर पापी घेतली.

कालच तिच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलंय मी. दोरा पहिल्या झटक्यात गेला होता.

विषय बदलावा म्हणून मग मी बडबडत सुटले. ती विचारत गेली — कोटाचंच बटण का, इलॅस्टिक किती रुंद — आणि मी सांगत गेले! "सदऱ्याचं बटण पातळ पडतं गं, दाबत नाही." जिभेला हाड नाही ते असं. मला सांगायला इतकं आवडतं, की काय सांगतेय हेच कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा विचारलं नाही. विसरली. बरं झालं. तरुण पोर, डोक्यात सतरा गोष्टी.

वेणी घालून दिली आज तिची. गाडी चालवताना केस आवळून बांधायचे असतात, हा नियम. नियम चांगले असतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरी डबा विसरली. सून म्हणाली, "राहू दे, एक दिवस उपाशी राहिली तर मरत नाही." मी निघाले. दोन बस बदलल्या! उतरताना वाहक म्हणतो, "आजी, सावकाश, बस तुमचीच आहे." मी म्हटलं, "मग घरापर्यंत सोड की."

फाटकावरचा पहारेकरी आत सोडीना. मी सांगितलं, माझा अर्धा जन्म गोदामात गेलाय, तू बाळ होतास तेव्हा. हसला. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे खुर्ची दिली, वर प्यायला पाणी.

काय ते गोदाम! जमीन आरशासारखी. आमच्याकडे धूळ आणि चिंध्यांचा वास. इथे कागदाचा वास, नव्या वहीसारखा. रूळ उभे, ओळीनं, पांढरे शुभ्र. आणि मधून माझी भिंगरी! चिमट्यात रूळ धरलेला, वर उचललेला, आणि ही मान वळवून मागे बघत गाडी घेतेय. डोळे भरून आले माझे. हे असते तर!

तेवढ्यात एक झाडूवाली बाई लांब झाडू लोटत त्या गल्लीत शिरली. आपल्याच नादात. वर तो रूळ.

मी ओरडले. अशी ओरडले की पहारेकऱ्याच्या हातातलं पाणी सांडलं. गाडी थांबली, झाडूवाली थांबली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. काही झालं नव्हतं. भिंगरीनं कधीच ब्रेक दाबला होता. धावत आली. "आजी, काय झालं? कुणाला हाक मारत होतीस?"

"डबा," मी म्हटलं.

कुणाला हाक मारली ते मला माहीत आहे. दाभणीला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिते. आज कुणी नाही घरात.

दाभण म्हणजे माझ्या शेजारी बसायची ती. उंच, काटकुळी, आणि बोलणं असं की बारदानाच्या आरपार — म्हणून दाभण. सगळं गोदाम तिला भ्यायचं. मला मात्र ती रोज आपल्या डब्यातलं अर्धं द्यायची. म्हणायची, "तू अंगावर पाजतेस, खा मेले." माझा मुलगा पेंगायचा तो तिच्या मांडीवर, कारण माझी मांडी हलते म्हणे, मी बोलताना. खरंच हलते.

टोपडी चढवून चार महिने झाले असतील. दुपारची वेळ. ह्यांनी गठ्ठा वर धरला होता, दुसऱ्या थरावर ठेवायला. जागा पुरेना, म्हणून खाली घ्यायचा होता. दाभण पलीकडून सुतळीचं बंडल घेऊन येत होती. नेहमीची वाट. आम्ही सगळ्या तिथूनच जायचो. दुसरी वाट लांबची होती.

ह्यांनी पहिली दांडी ओढायची, ती तिसरी ओढली. बास. एवढंच. रोज चारशे वेळा ओढणाऱ्या माणसाचा हात एकदा चुकतो. चुकणारच! म्हणून तर ते बटण ठेवलेलं. भिंगरीनं परवा वाटी-चमच्यावर मला जे समजावलं, ते तेव्हा मला कुणी समजावलं असतं — पण मी विचारलं कुठे? मला अंगठा दिसला. बटण कशासाठी आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. अंगठा दुखवायला कुणी बटण बसवतं का?

चिमटा उघडला. आवाज मोठा नाही झाला. चिंध्याच त्या. मऊ आवाज झाला. मग दाभणीचा.

सगळे तिच्याकडे धावले. मी गाडीकडे धावले.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी गाडीकडे धावले. हे खाली उतरून गठ्ठा ढकलत होते, ओरडत होते, आणि मी वर चढून टोपडं ओढून काढलं. इलॅस्टिक घट्ट होतं, मीच घट्ट शिवलेलं. नखं तुटली. काढलं आणि पोलक्यात खुपसलं. मगच तिच्याकडे गेले. संध्याकाळपर्यंत बाकीची पाचही टोपडी गाड्यांवरून नाहीशी झाली. कुणी कुणाला काही बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही.

मोठे साहेब आले. दांडी हलवून बघितली. कुलूप ठणठणीत! मग लिहिलं — बाई चुकीच्या वाटेनं चालली. बाकीच्या बायकांनी अंगठे उठवले. मी सही केली. चौथी शिकलेली ना! सही छान आली, हेही तेव्हा मनात आलं. अशी मी.

पाय गुडघ्याखाली गेला तिचा. चूक तिचीच ठरली, मग कंपनी कशाला काय देते? इस्पितळात गेले मी. एकदाच. तिनं माझा हात धरून विचारलं, "खरं सांग गं, दांडीवर तुझं टोपडं होतं का? पडता पडता मी वर पाहिलं. काहीतरी तांबडं होतं."

मी म्हटलं, "नाही गं. तुला भास झाला."

तिनं हात सोडला नाही. म्हणाली, "असेल बाई. माझंच लक्ष नव्हतं."

नंतर ती भावाकडे गेली राहायला. लांब. मी गेले नाही. पत्र लिहिता येत होतं, लिहिलं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी कळलं, गेली ती.

ह्यांनी मरेपर्यंत त्यावर एक शब्द काढला नाही. अंगठा मात्र शेवटपर्यंत सुजायचा. मी तेल घेऊन बसले तर हात मागे घ्यायचे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगायचं ठरवलं होतं. भिंगरी घरी, सून बाजारात. चांगली संधी.

म्हटलं, "ये, बस, तुला काहीतरी सांगायचंय आजोबांबद्दल." आली. डोळे चमकले पोरीचे. आणि मी काय सांगितलं? ह्यांना सायकलवरून कुत्र्यानं पाठलाग करून झाडावर चढवलं होतं, ते! अर्धा तास! पोट धरून हसली.

हसताना तिची नजर भिंतीवर गेली. तिथे ह्यांचं प्रशस्तिपत्र आहे, चौकटीत. 'एकतीस वर्षे निर्दोष सेवा.' पहिल्या दिवशी कामावर जाताना त्याला हात लावून गेली होती. म्हणाली, "आजोबांच्या हातून एक गठ्ठा पडला नाही गं एकतीस वर्षांत. मला जमेल?"

मी म्हटलं, "जमेल."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही सांगितलं.

२ मार्च, रविवार

सून जवळ येऊन बसली. आपण होऊन! "तुम्हाला बरं नाही का? दोन दिवस झाले, बोलत नाही आहात. घर कसंतरी वाटतंय." आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. म्हटलं, ठीक आहे. ती म्हणाली, "ठीक नाही. कुठे दुखतंय ते सांगितलं तर औषध देता येईल." मी म्हटलं, सगळीकडे. ती म्हणाली, "सगळीकडे दुखतं म्हणणारे पेशंट मला रोज भेटतात. काहीतरी एक असतं, तेच सांगत नाहीत."

एवढी हुशार आहे हे मला वीस वर्षं कळलं नाही. की कळलं होतं, म्हणून आमचं पटत नाही? असो.

खरं सांगायचं तर मला दोन भीती आहेत. एक — भिंगरी ती चौकट भिंतीवरून काढील. दुसरी — माझ्याकडे आता बघते तशी बघणार नाही. मी सत्तरीच्या पुढे. माझ्याकडे असं बघणारं आता कोण उरलंय दुसरं?

आणि दुसऱ्या पारड्यात काय? तिचा अंगठा दुखतोय. आज मी नाही म्हटलं. उद्या कुणी दुसरं शिवून देईल. कुणी रबर गुंडाळून देईल. ती वापरील, कारण आजीनं शिवलं होतं, आजोबांनी वापरलं होतं आणि सगळ्यांचे अंगठे बरे झाले होते. मग तिथली ती झाडूवाली आहे. आपल्याच नादात चालते.

इतक्या वर्षांत गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की मलाही ती तिथेच संपते असं वाटायला लागलं होतं. सांगताना खरंच आनंद व्हायचा. खोटा नव्हे. हेच मला समजत नाही. दाभण माझ्या शेजारी बसून ते टोपडं शिवताना बघत होती, इलॅस्टिक तिनंच ताणून धरलं होतं. आणि गोष्टीत ती नाहीच. गोष्टीतूनसुद्धा मी तिला काढून टाकलं.

५ मार्च, बुधवार

भिंगरी शिट्टी वाजवत आली. अंगठा बरा झाला म्हणे. सवय झाली. बघ, झाला ना!

मग आता कशाला सांगायचं, असं लगेच मनात आलं. लगेच!

८ मार्च, शनिवार

सांगितलं.

चार वाजता सकाळच्या पाळीहून आली. चहा दिला. ती पहिला घोट घेते न घेते तोच म्हटलं, "टोपड्याची गोष्ट अर्धीच सांगितलीय मी तुला." ती हसली. "आणखी आहे? सांग सांग!" पाय वर घेऊन बसली, लहानपणी बसायची तशी.

ह्या वेळी भरकटले नाही. कुत्रा नाही, सायकल नाही. दाभण कोण ते सांगितलं. कुठली दांडी, कसा हात चुकला, सगळं. सगळे तिच्याकडे धावले आणि मी कुठे धावले तेही. सही केली तेही. इस्पितळातलंही. आवाज एकदाच फुटला, "तांबडं होतं" म्हणताना.

तिचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही, मी जमिनीकडे बघत होते. संपल्यावर दोनच गोष्टी विचारल्या. "आजोबांना वाटलं पहिली दांडी ओढतोय?" मी म्हटलं, हो. "आणि टोपडं नसतं, तर तिसरी हललीच नसती?" मी म्हटलं, नसती.

चेहरा पांढरा, तिच्या त्या रुळांसारखा. घड्याळाकडे बघितलं. चहा तसाच ठेवला आणि उठली. मी म्हटलं, "अगं, काहीतरी बोल. शिव्या दे." ती दारात चपला शोधत होती. एक तिची, एक आईची घातली आणि गेली. सायकल काढल्याचा आवाज आला.

आता सहा वाजलेत. सून आली, विचारतेय पोरगी कुठे. फोन घरीच पडलाय. मी सुनेलाही सांगितलं सगळं — एकदा तोंड उघडलं तर उघडलं. ती भिंतीशी उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "बसा तुम्ही. मी खिचडी टाकते." तिनं चौकट काढली नाही. मीच काढली. भिंतीवर चौकोन उरलाय, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ.

रागावली असणार. रागावू दे. माझ्याकडे बघायचंही नसेल तिला, तर तेही बरोबरच. पण आता तरी ती कधी टोपडं मागणार नाही. एवढं एक तरी मी वेळेवर केलं. आयुष्यात एकदा तरी गाडीकडे नाही, माणसाकडे धावले.

९ मार्च, रविवार

रागावली नव्हती. गोदामात गेली होती. नऊ गाड्या, नऊ टोपडी — सगळी तिनंच शिवलेली. माझे डोळे गेले म्हणाले होते ना मी, तर मला त्रास नको म्हणून, मैत्रिणीकडे बसून, मी सांगितलेल्या मापानं. काल चालू पाळीत एकेक गाडी थांबवून स्वतःच्या हातानं काढली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि स्वतःचं नाव सांगितलं. बिल्ला काढून घेतलाय. कुणाला काही झालं नाही. कुणालाच नाही.

मी म्हटलं, "अशी कशी गं शिवलीस नऊच्या नऊ, काही विचार न करता?"

ती म्हणाली, "तू किती आनंदानं सांगायचीस, आजी."